ग्लासभर पाणी

देशपातळीवरच्या एका विज्ञान अकादमीने नेमलेल्या भूजल समितीत इंदूरहून डॉ. मंजिरी एकट्याच होत्या. समितीचा अहवाल पुढच्या महिन्यात समारंभात जाहीर व्हायचा होता आणि तोवर एकही आकडा बाहेर जाऊ देणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. आज त्या अहवालाच्या मुखपृष्ठासाठी फोटो काढायला इंदूरजवळच्या सांवेरला, गयाबाईंच्या अंगणात आल्या होत्या. याच अंगणातल्या हँडपंपाचं पाणी त्यांनी मागे तपासायला नेलं होतं. त्यात नायट्रेट सगळ्यात जास्त निघालं होतं. मोठ्यांना एकवेळ चालून जाईल, पण तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतेल इतकं.

फोटो झाला. गयाबाईंनी हँडपंप मारून लखलखीत ग्लास भरला आणि पुढे केला. मंजिरीताईंचा हात नकळत पर्समधल्या बाटलीकडे गेला.

"रहने दो मॅडमजी," दारावरच्या निळ्या झेंड्याकडे बघत गयाबाई म्हणाल्या. "मागे सर्व्हेवाल्या बाई आल्या होत्या, त्यांनी पण नाही घेतलं. आदत आहे आम्हाला."

मंजिरीताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. त्यांनी ग्लास जवळजवळ ओढूनच घेतला आणि एका दमात रिकामा केला.

गयाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आत सुनेला हाक मारली,


"दीक्षा, ते बाळासाठी विकत आणतो ते कॅनचं पाणी आता बंद! तपासणाऱ्या मॅडम खुद प्याल्या. बाळाच्या बाटलीत आजपासून हेच भर."