मंगळवारच्या चिठ्ठ्या

"बाई अगदी तयार आहेत," विमावाला उभा राहून सांगत होता. "कालच अर्धा तास बोललो त्यांच्याशी. महिनाभरात पॉलिसी होतेय. आणि हे सगळं आपल्या वाइंडिंगताईंमुळे!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वाइंडिंगताईने चहाचा कप खाली ठेवला.

दर मंगळवारी सकाळी सात वाजता हॉटेलच्या या हॉलमध्ये छोट्या व्यावसायिकांचा क्लब भरायचा. चाळीसेक जण असायचे. प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी एक चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव, फोन नंबर, काम. मी तुला गिऱ्हाईक देतो, तू मला दे, असा हिशेब. ज्याच्या हातात चिठ्ठी नसे त्याच्याकडे अध्यक्ष असे बघत, की त्याला गृहपाठ न केल्याचे दिवस आठवावेत.

ती जळालेल्या मोटरी भरून द्यायची, म्हणजे वाइंडिंग करायची, म्हणून इथे ती वाइंडिंगताई. पंपाच्या, पंख्यांच्या, गिरणीच्या. जळकी तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार वेढे मोजून बसवायची. काम सासऱ्यांनी शिकवलेलं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा दुकान तिने घेतलं. क्लबची टूम नवऱ्याची. "ओळखी वाढव जरा. दुकानात बसून कोण विचारतंय?" तो म्हणाला आणि त्यानेच पहिल्या वर्षाची वर्गणी भरली.

अकरा महिने ती न चुकता आली. मंगळवारी दुकानाचं शटर दहापर्यंत खाली राहायचं. लॉन्ड्रीवाला तिचं जुनं गिऱ्हाईक. दोन मंगळवार त्याने बंद शटरवर थापा मारल्या, तिसऱ्यांदा तो फिरकलाच नाही. ती परतली की सासरे विचारायचे, "मिळालं का गं काही?"

"मिळेल की, बाबा," ती म्हणायची. क्लबातून आजवर पंख्याचं पातंसुद्धा आलं नव्हतं.

चिठ्ठ्या मात्र तिने दिल्या. आधी शेजारी संपले, मग माहेरचे संपले. मग ती सुचेल ते नाव लिहू लागली. विमावाल्याची चिठ्ठी तिने गेल्या मंगळवारी दारात चपला घालता घालता खरडली होती. नंतरचा आठवडाभर तिला धाकधूक होती. तो फोन लावेल, खोटं उघडं पडेल, चारचौघांत शोभा होईल.

आणि आज या टाळ्या.

"ताई, तुमचं मिनिट," अध्यक्ष म्हणाले. "आणि मग नूतनीकरणाचा चेक. आणलाय ना?"

चेक पर्समध्येच होता. ती उठली. तिच्या नखांत मोटरींना लावायचं काळं वार्निश बसलं होतं, कधीच न जाणारं. पहिली छाप महत्त्वाची, हातांकडे लक्ष द्या, असं अध्यक्षांनी एकदा हसत हसत सुचवलं होतं. तेव्हापासून ती इथे हात टेबलाखाली ठेवून बसायची. आता तिने ते दोन्ही टेबलावर टेकवले.

"विमावाले दादा, काल तुम्ही बोललात ना, ती माझी आत्या."

"हो का? वा! फार गोड बोलतात हो."

"बोलायची खरी गोड. तिला जाऊन सहा वर्षं झाली."

विमावाला खाली बसला.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. "ताई, मिनिट संपलं."

"संपू द्या. वर्षभरात पहिल्यांदाच खरं बोलतेय." तिने घंटीकडे पाहिलंही नाही. "खोटी चिठ्ठी मी लिहिली. रिकाम्या हाताने यायची लाज वाटली म्हणून लिहिली. दादांनाही काम झालं नाही म्हणायची लाजच वाटली असेल. मी त्यांना एकट्याला नावं ठेवत नाही. आता असं करा, ज्याच्या पदरात या वर्षात एक तरी खरी चिठ्ठी पडली, त्याने हात वर करावा."

छपाईवाल्याला एकदम फोनमध्ये काहीतरी दिसलं. सजावटवाल्या बाई आपली कार्डं पुन्हा पुन्हा नीट लावू लागल्या. हात एकही वर झाला नाही.

"हा क्लबचा अपमान आहे!" अध्यक्ष कडाडले. "तुमचं सभासदत्व रद्द होऊ शकतं."

"तुम्ही कशाला त्रास घेता?"

तिने चेक काढला, उभा फाडला, आडवा फाडला आणि तुकडे परत पर्समध्ये टाकले. दुसऱ्याच्या टेबलावर कचरा करायची तिला सवय नव्हती.

"इथून पुढे मंगळवारी सातला माझं शटर उघडं असेल," ती म्हणाली. "कुणाचं काही जळालं तर या. चिठ्ठी नको, मोटर आणा."

ती दाराकडे वळली आणि मागून अध्यक्षांचा आवाज आला. "बघा, बघा! आहे एक हात!"

हात तिच्या शेजारच्या खुर्चीतून वर आला होता. अकरा महिने त्या खुर्चीत एक बेकरीवाला बसत होता. अबोल माणूस, आपलं मिनिटही अर्ध्यात संपवायचा. तो आता उभा राहिला. मनगट चोळत होता.

"चिठ्ठीचं नाही हो," तो चाचरत म्हणाला. "माझं पीठ मळायचं मशीन आठ दिवस बंद आहे. मोटर जळालीय, हातांनी मळतोय. इथे सगळे काय काय सांगतात, त्यातलं काय खरं धरायचं कळत नाही, म्हणून कधी विचारलं नव्हतं..." त्याने तिच्या काळ्या नखांकडे पाहिलं. "ताई, तुम्ही खरंच मोटरी भरता?"