सुट्या गोळ्या

बिरेतनं चाचणीच्या भट्टीतली नळी परातीत उपडी केली आणि गोळ्या टणाटण सुट्या पडल्या. एकीला एक चिकटली नव्हती. तिला शिसारीच आली.

पुन्हा तेच. कोळशाऐवजी हायड्रोजनवर चालणाऱ्या नव्या भट्टीत लोहखनिजाच्या गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या, की भट्टी तुंबते. असलं खनिज कवडीमोलाचं. या गोळ्यांचा एकदा तरी गठ्ठा व्हावा म्हणून बिरेत देव पाण्यात घालून बसली होती. कारण हे खनिज ज्या डोंगराच्या पोटातलं, त्याच डोंगरावर तिच्या सामी जमातीच्या माणसांची पाळीव रेनडिअर दर वसंतात विणीला येतात. खनिज खाण कंपनीच्या पसंतीला उतरलं की डोंगर गेला आणि कळपही गेले.

आदल्या दिवशी धाकटा भाऊ, निल्ला, प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला होता. अंगाला कळपाचा वास, तोंडाला दारूचा.

"ताई, एक आकडा इकडचा तिकडे कर. कोण बघतंय?"

"मी बघते ना. चालता हो."

"आणि सामी म्हणवतेस स्वतःला," म्हणून तो फरशीवर पचकन थुंकला. ती थुंकी तिनंच पुसली. त्याची किळस आलीच, पण आपण क्षणभर हो म्हणणार होतो, याची त्याहून जास्त आली.

आता निकाल घेऊन ती साहेबाच्या खोलीत गेली. स्टुरे दालचिनीचा पाव खात होता. साखरेनं बरबटलेल्या बोटांनीच त्यानं कागद घेतला आणि न वाचता बाजूला सरकवला.

"आकडे तरी बघ," बिरेत म्हणाली.

"ते काय बघायचे? खनिज उत्तम आहे. जर्मनीच्या प्रयोगशाळेनं गेल्या वर्षीच कळवलंय."

बिरेतनं कागद परत उचलला.

"मग माझ्याकडून ही हमाली कशाला करून घेतलीस?"

स्टुरेनं बोट चाटलं. दुसरा पाव तिच्यापुढे केला.

"जर्मनांचं तुझ्या माणसांनी ऐकलं असतं का? येलिवारे गावच्या सभेत निकाल तू वाचायचास, तुमच्या भाषेत. तू खोटं बोलत नाहीस, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."