धरलेला हात

माझी बायको सुप्रिया पोरीला जुन्नरच्या जुडो क्लासला सोडायला जायची. पुढं स्वतःच शिकाया लागली. परवा बेल्ह्याच्या बाजारातनं लवकर मोकळा झालो, म्हणून क्लासच्या दारात जाऊन उभा राहिलो. बघतो तर सराच्या एका हातात हिची कॉलर, दुसऱ्या हातात हिची बाही! त्यानं हिला उचलून धाडकन गादीवर पाडली, पण हात काय सोडला न्हाई, आन् ही उठली ती हसतच. माझ्याम्होरं अशी कधी हसली व्हती, आठवंना. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी आल्यावर ती जुडोचा पांढरा ड्रेस दोरीवर वाळत घालत व्हती.

"पाडायचं तर पाड म्हणावं," मी म्हणलो, "पण पाडल्यावरबी त्यानं तुझा हात का धरून ठेवला?"

"पाडणाऱ्यानं हात सोडला, तर पडणाऱ्याचं डोकं आपटतं. म्हणून सर सोडत न्हाईत."

मग तिनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले. तिथं टाक्यांचा वण व्हता.

"तुमी पाडलं, तवा माझा हात कुठं धरला व्हता?"