आठ पायांची अळी

ताईच्या पत्राला अजून उत्तर गेलं नव्हतं. काकांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत राहून त्याची घडी झिजत आली होती.

"गुलाबाच्या कुंडीत एक अळी आलीय. काळी, खरखरीत, अंगावर नारिंगी ठिपके. मारू का राहू दे? तुझे भावोजी असते तर त्यांनी कधीच चिमटीत धरून फेकली असती. आता घरात हलणारं असं मी आणि तीच."

खाली पेन्सिलीनं चित्र. चित्रातल्या अळीला पाय आठ. अशा अळीला पाय सहाच हवेत. तिथंच काकांचं घोडं अडलं होतं.

बागेतल्या किड्यांचे फोटो काढून त्यांची नावं शोधणारी मंडळी त्यांना बहुधाकाका म्हणत. 'बहुधा' लिहिल्याशिवाय ते कुठल्याच किड्याचं नाव लिहीत नसत.

आज बागेत कण्हेरीच्या शेंड्यावर तशीच अळी दिसली. वारा अडवायला काकूंनी छत्री आडवी धरली.

"हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? तुमचेच हात हलतायत."

चौथा फोटो नीट आला. काकांनी तो मोठा करून पाय मोजले. सहा. अळीच्या तोंडात पिवळा मावा किडा होता.

"ढालकिड्याची अळी. मावा खाते, झाडाला त्रास नाही. ताईकडची हीच असेल. बहुधा."

"ताईंनी दोन पाय जास्त काढले असतील."

"किंवा ते दुसरंच काही असेल."

"लग्नाला होकार देतानासुद्धा तुम्ही बहुधाच म्हणाला होतात. माझ्या वडिलांची झोप उडाली होती."

काका ओशाळून हसले. मग बाकावर बसले आणि मांडीवर पिशवी घेऊन लिहू लागले. बराच वेळ लागला. काकूंनी खांद्यावरून वाचलं.

"ताई, मारू नकोस. बहुधा ढालकिड्याची अळी आहे. खात्री करायला पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो. चार दिवस राहू."

बागेच्या फाटकाशी पोस्टाची पेटी होती. काकांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"अहो, एव्हाना त्या अळीचा किडा होऊन तो उडूनही गेला असेल," काकू हळूच म्हणाल्या.

"नक्कीच," काका म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडलं.