दारावरचा ४७

सरकारी पैशातून पनवेलची आमची वस्ती नवी होणार होती. सर्वेवाल्यांनी दारावर लाल ४७ लिहिला, तो आईने रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकला. "मी संमतीच्या कागदावर अंगठा दिलाच नाय, मग नंबर कसला?" ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती वारली.

तेव्हापासून लिहिलेला आकडा रोज सकाळी पुसलेला असतो.

आज शेवटची मोजणी होती. "ताई, दारावर नंबर नाय तर नवी खोली नाय," सर्वेवाला निकेश म्हणाला आणि त्याने तो पुन्हा रंगवला.

आम्ही दोघं बघत असतानाच ओला चार डावीकडून पुसला जाऊ लागला. रॉकेलचा वास आला. निकेश मागे सरकला.

मी दाराला हात टेकला.

"आई, पुसू नकोस. तू झोपेत असताना तुझा अंगठा मीच उमटवला."