बिजेची कोर

"निधान, अक्का, सावकाश. गुड्ड कुठं पळून जात नाही," मधुवंती मागून म्हणाली.

"गुड्ड नाही पळत. चंद्र पळतो," असं म्हणून सुलभाक्कांनी पदर खोचला आणि त्या गुड्डाचा, डोंगराचा, पुढचा दगड चढल्या.

भाऊबीज होती. अक्कांचा पाठचा भाऊ उमेश आषाढात गेला. ज्या बाईला भाऊ नाही तिनं चंद्राला ओवाळायचं, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पण बिजेची कोर ती केवढी! दिवस मावळल्यावर जरा वेळ पश्चिमेला दिसते आणि बुडते. त्यांच्या रायापुरातल्या घराच्या नेमकी पश्चिमेलाच नवी इमारत उठलेली. तेव्हा अक्कांनी मनाशी घेतलं, उमेश दर दिवाळीनंतर चढायचा तो अळणावरकडचा डोंगर चढायचा आणि माथ्यावरून ओवाळायचं. घरच्यांनी वय काढलं, गुडघे काढले, अक्कांनी कुणाला दाद दिली नाही. शेवटी उमेशची बायको मधुवंती पायात बूट घालून आली आणि त्यांच्या शेजारी रिक्षात बसली.

दोघींचं विळ्याभोपळ्याचं नातं नव्हतं, पण गूळपीठही कधी जमलं नव्हतं. मधे उमेश असायचा. तो दोघींशी बोलायचा आणि तेवढ्यावर भागायचं.

वाट वाळल्या गवतातून वर जात होती. खाली भाताची कापणी झालेली, खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या. अर्ध्या चढावर अक्का धापा टाकत एका दगडावर बसल्या. मधुवंतीनं त्यांना पाणी दिलं आणि पायाशी बसून त्यांच्या साडीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागली.

"राग मानू नका, अक्का," ती मान वर न करता म्हणाली. "पण चंद्राला ओवाळलं म्हणजे हे नाहीत, असं आपणच म्हटल्यासारखं होतं."

"मला वाटलं, वर्षाच्या आत सण करत नाहीत म्हणशील."

"ते तर आहेच की."

अक्का उठल्या आणि चालू लागल्या.

माथ्यावर सिद्धाचा एक दगड होता, त्याच्यापुढं वाऱ्यानं फाटलेलं भगवं निशाण. दोघी पोचल्या तेव्हा सूर्य टेकला होता आणि त्याच्यावर लांबच्या लांब ढग आडवा पसरला होता. अक्कांनी पिशवीतून ताट काढलं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन नीट मांडलं आणि पश्चिमेला तोंड करून उभ्या राहिल्या. सूर्य बुडाला. ढग तिथंच. आकाश लाल झालं, मग राखाडी झालं. खाली रस्त्यावर रिक्षावाल्यानं एकदा हॉर्न वाजवून बघितला.

"बुडाला असेल चंद्र आता," अक्का म्हणाल्या. "एवढं चढून आले, मधू. एवढंसुद्धा नसावं माझ्या नशिबात." त्या तिथंच खाली बसल्या आणि ताट मांडीवर घेऊन मोकळेपणी रडल्या. आषाढात आल्यागेल्यांचं करता करता त्यांचं रडायचं राहूनच गेलं होतं.

मधुवंतीनं समोर बसून काडी ओढली. वाऱ्यानं ती विझली. दुसरीही विझली. तिसरीला तिनं पाठ वाऱ्याकडं केली, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि निरांजन पेटवलं.

"ढग सरकेल अक्का. तयारीत असावं आपण," ती म्हणाली.

तिला हे ओवाळणं नको होतं, तरी ती ज्योतीभोवती हात धरून बसली होती. अक्कांनी डोळे पुसून तिच्याकडं पाहिलं. उमेश गेल्यापासून असं समोरासमोर त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. वाळली होती पोर.

"सरळ बस. डोक्यावर पदर घे."

"मी? मला कशाला? मला आता कुणी ओवाळत नाही, अक्का."

"मी ओवाळतेय की."

अक्कांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या, सुपारी फिरवली आणि निरांजन ओवाळलं. मधुवंतीनं डोळे मिटून घेतले होते. ओवाळून झाल्यावर ती पाया पडायला वाकली.

आणि अक्कांची जीभ अडली. दर भाऊबिजेला आधी उमेश वाकायचा, मग ही. उमेशला म्हणायचं, औक्षवंत हो. हिला म्हणायचं, अखंड सौभाग्यवती हो. इतकी वर्षं तोंडातून आपोआप निघायचं. आता हिला काय म्हणायचं? पायाशी वाकलेल्या बाईला काहीच न म्हणता कसं उठवायचं? अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"औक्षवंत हो," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षं जग."

मधुवंती वाकलेलीच राहिली. अक्कांच्या हाताखाली तिची पाठ हलत होती.

"अक्का," उठून बसत ती म्हणाली, "तू जग म्हणून मला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं."

अक्कांनी हात उचलला नाही.

"मग परत एकदा वाक," त्या म्हणाल्या.