मधला आकडा

सकाळी सव्वादहाला राहीबाईंची शस्त्रक्रिया रद्द झाली. मिरजेच्या त्या दवाखान्यात त्यांना आत न्यायला अर्धा तास उरला होता. डोक्याच्या उजव्या बाजूचे केस काढून झाले होते.

रद्द झाली ती मुलीच्या सांगण्यावरून. संयोगिता सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. वाढ हा तिच्या अभ्यासाचा विषय. पोल्ट्रीतलं पिल्लू, वेलावरचा भोपळा, विरजणातले जिवाणू, एखाद्या गावाची वस्ती. सगळ्यांची रेघ जवळपास सारखीच निघते. आधी हळू, मग झपाट्याने, मग पुन्हा हळू. रेघ कुठे आडवी व्हायला लागली ते पाहिलं की वाढीचा जोर कुठे ओसरला ते कळतं. गाठींनाही हेच गणित लावतात.

राहीबाईंच्या मेंदूच्या आवरणावर गाठ होती. ती उजव्या डोळ्याच्या नसेला टेकली होती. काढताना तो डोळा जाऊ शकतो, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. न काढता ती वाढत राहिली तर दोन्ही डोळे जाणार होते. प्रश्न तेवढाच होता. गाठ वाढते आहे की थांबली आहे?

आकडे तीन होते. गेल्या आषाढात राहीबाई थोरल्या मुलाकडे, भाऊसोकडे, कोइमतूरला होत्या. तेव्हा गाठ सोळा मिलिमीटर होती. माघात धाकट्या जयराजकडे अमृतसरला. तेव्हा पंचवीस. आता मिरजेत सव्वीस. विट्याच्या कितीतरी घरांतल्यासारखे हे दोघे भाऊही परमुलखात गलाईचा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याचा, धंदा करतात. आई वर्षाचे सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे. पहिला रिपोर्ट भाऊसोने बरोबर आणला होता. मधला अमृतसरलाच राहिला. त्यातला आकडा जयराजने माघातच सगळ्यांना फोनवरून कळवला होता.

"मॅडम, तीनच बिंदू आहेत," डॉक्टर म्हणाले.

"कमी आहेत, सर. पण आधीच्या सहा-सात महिन्यांत नऊ मिलिमीटर आणि नंतरच्या पाच महिन्यांत एक. रेघ आडवी होतेय."

डॉक्टरांनी तिच्या लॅपटॉपवरची रेघ पाहिली. मग भाऊसोकडे आणि जयराजकडे पाहिलं. "अमृतसरचा आकडा नक्की?"

"नक्की," भाऊसो म्हणाला. "आमी सगळ्यांनी ऐकलाय."

जयराज काही बोलला नाही. थोरल्यासमोर तो फारसा बोलत नाही, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"मग दोन-तीन महिने थांबायला माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "तो रिपोर्ट मात्र मागवून घ्या. मला स्वतःला बघायचाय."

अकराला चौघे कँटीनमध्ये बसले. राहीबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता.

"सोलली कोंबडी आन् म्हनं जा परत खुराड्यात," त्या म्हणाल्या.

"केस येतील गं," भाऊसो म्हणाला. "डोळा वाचला तुझा. मी आता उद्याच निघतो. दुकान बंद ठेवून लय दिस झालं."

"नीघ की. बलवाया किती खटपट, जायाला उद्याच."

"कसली खटपट? आलो न्हवं आपला आपण?"

राहीबाई हसल्या. "आपला आपण! आरं, सोळाचं एकोनीस झालंय म्हटल्यावर तू हलला असतास व्हय? दिवाळी झाल्यावर बघू, म्हनला असतास. म्या जयाला म्हटलं, दादाला चांगलं पंचीस सांग. तवा कुठं लग्नसराई झाली की निघतो म्हनलास."

भाऊसोने आधी आईकडे, मग भावाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "आयला, लय पोचलेली हाय ही. आन् तू रं? आईच्या ताटाखालचं मांजर!"

संयोगिता हसली नाही.

"जया, खरं सांग. माघात किती होतं?"

"एकोणीस." जयराजने बशी पुढे-मागे सरकवली. "मला वाटलं आज बोलावं. पण दादा तिथंच बसलेला. आन् ताई, आताचा सव्वीस तर खराच हाय न्हवं? मधल्यानं काय फरक पडतोय?"

तिने लॅपटॉप उघडला आणि पंचवीसच्या जागी एकोणीस घातलं. आधीच्या सहा-सात महिन्यांत तीन. नंतरच्या पाच महिन्यांत सात. रेघ कुठेही आडवी होत नव्हती. ती आता कुठे चढायला लागली होती.

"बघतेय काय एवढं?" राहीबाईंनी विचारलं. "चा गार झाला तुझा."

"आलेच," म्हणून संयोगिता उठली आणि जिन्याने वर गेली. काय झालं ते तिने खाली कुणालाच सांगितलं नाही.

डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत होते. राहीबाईंची वेळ खरसुंडीहून आलेल्या एका पेशंटला दिली होती. दारावरच्या नर्सने सांगितलं, केस अवघड आहे, साहेब कधी सुटतील ते सांगता येत नाही, आणि पुढच्या तारखेचं त्यांनाच विचारावं लागेल.

दुपारी दीडपर्यंत दार उघडलं नव्हतं. खाली भाऊसोने उद्याचं तिकीट काढलं होतं.